पैसे घेतले कुत्री हाकायचे, शिकवलं गोठ्यातलं काम: ईलीजवळचा चार दिवसांचा स्लेड डॉग कोर्स

चौथ्या दिवशी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझ्या एका हातात फावडं होतं आणि दुसऱ्या हातात बादली. बाहेर उणे २३, पापण्यांवर बर्फ जमलेला, आणि मागे तीसेक कुत्री एकसुरात बोंबलत होती. आई म्हणाली, अगं काय करतीयेस? म्हटलं, कुत्र्यांची शी गोळा करतीये. मग म्हणे, फुकट करून घेतात का काय तुझ्याकडनं? म्हटलं नाही गं, मीच पैसे भरलेत. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि पुढचं ऐकायच्या आत फोन थंडीने बंद पडला.

तर हा रिव्ह्यू त्या पैशांचा. अमेरिकेत उत्तर मिनेसोटात ईली म्हणून छोटं गाव आहे, मिनियापोलिसहून गाडीने चार तास, तिथून पुढे जंगलात एक केनेल, म्हणजे कुत्री पाळायची जागा आहे, तिथला तीन रात्री चार दिवसांचा मशिंगचा, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी (स्लेड) हाकायचा कोर्स. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली थोड्या तक्रारी पण करणारे आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही, परत जायचंय तिथे. राहणं, जेवण, जाड कपडे-बूट आणि शिकवणं धरून चौदाशे डॉलरच्या आसपास पडले. महाग आहे का, तर आहे. वसूल झाले का, तर हो, पण मी जशा विचारात होते तसे नाही.

ईलीच का, तर गावाला लागूनच बाउंड्री वॉटर्सचं राखीव जंगल आहे, उन्हाळ्यात लोक तिथे कनू (लांबट होडी) घेऊन तळ्यातळ्यांतून फिरतात आणि हिवाळ्यात तीच तळी गोठून रस्ते होतात, आणि आत मोटारवाल्या वाहनांना जवळपास बंदीच, स्नोमोबिल चालत नाही. म्हणजे हिवाळ्यात सामान घेऊन आत जायचं तर स्वतः ओढा नाहीतर कुत्र्यांना ओढू द्या. म्हणून इथे हा प्रकार नुसता टूरिस्टांचा खेळ राहिलेला नाही, त्याला अजून काम आहे. १९८६ ला विल स्टेगर मधे कुठेही रसद न घेता कुत्र्यांच्या गाड्यांवर उत्तर ध्रुवावर गेला, तो याच गावाजवळ राहणारा.

याआधी मी एकदा दुसरीकडे अर्ध्या तासाची राइड घेतली होती. पांघरूण गुंडाळून स्लेडमधे बसायचं, मागे दुसराच माणूस उभा, एक गोल चक्कर, फोटो, संपलं. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी घोड्यावर बसवून एक फेरी मारून आणतात ना, डिट्टो तेच. ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांनी तेच घ्यावं, दीडशे डॉलरमधे भागतं. हा कोर्स त्यांच्यासाठी नाही.

पहिल्या दिवशी स्लेडला हात लावू दिला नाही. वेबसाइटवर लिहिलंय ‘पहिल्या दिवसापासून स्वतःची टीम चालवा’, ते खोटं आहे, म्हणजे ही तक्रार नंबर एक. पण झालं ते बरंच झालं. केनेलच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, बोलणं मोजकं, तिने आम्हा पाच जणांना प्रत्येकी एका कुत्र्यासमोर उभं केलं आणि सांगितलं की आज याची ओळख करून घ्या, पाय उचलून बघा, तोंड उघडून बघा, फासळ्यांवरून हात फिरवा. माझ्या वाट्याला आलेली कुत्री आठ वर्षांची, एक कान पडलेला, नाव पिकल. म्हणजे लोणचं. त्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांना लोणच्या-चटण्यांची नावं ठेवलेली कारण एका वेतातल्या पिल्लांना एकाच विषयावरची नावं द्यायची पद्धत आहे, कोण कोणाचं भावंड ते लक्षात राहतं. मला हे फार आवडलं.

आणि एक, ही सिनेमात दिसतात तशी निळ्या डोळ्यांची गुबगुबीत कुत्री नसतात. आमच्यातल्या एकाने चक्क विचारलं की हस्की कुठेत. हेच हस्की. अलास्कन हस्की ही कागदोपत्री जात नाही, अमेरिकन केनेल क्लब तिला मानत नाही, पिढ्यानपिढ्या पळणाऱ्याची गाठ पळणाऱ्याशी घालत तयार झालेलं हे मिश्रण आहे. वीस-पंचवीस किलोचं बारीक अंग, लांब पाय, रंग कुठलाही. एकेक तर आपल्या गल्लीतलं वाटतं. मोठ्या शर्यतींमधे बहुतेक हीच असतात.

माझे आजोबा दहिवडीकडचे, खिलार बैल होते त्यांच्याकडे, शर्यतीचे नाही पण शर्यतीला जायचे बघायला. ते म्हणायचे जनावराच्या आधी आपण जेवायचं न्हाई. इथे अक्षरशः तोच नियम. सकाळी सहाला उठायचं, मोठ्या पातेल्यात पाणी गरम, त्यात गोठवलेल्या मांसाचे तुकडे आणि चरबी, आणि असलं पातळ सूप प्रत्येकाला वाटीवाटीने. मला वाटलं नाश्ता आहे, तर ते पाणी पाजणं होतं. थंडीत कुत्रं साधं पाणी तोंडाला लावत नाही आणि बर्फ चाटून भागत नाही, उलट तो वितळवण्यात अंगातली उष्णता जाते, म्हणून पाण्याला मांसाचा वास लावून पाजायचं. पोटभर खाणं पळून आल्यावर. भरल्या पोटी पळवलं तर पोटाला पीळ पडून जीव जाऊ शकतो. हे झाल्यावर शी उचलणे, आणि ती नुसती उचलायची नाही, बघायची. पातळ आहे का, रक्त आहे का, कोणाची आहे. मालकीण म्हणाली की माझा निम्मा रिपोर्ट इथेच मिळतो. मग आपला नाश्ता, तोही उभ्याने.

लांबच्या शर्यतीत एकेका कुत्र्याला दिवसाला दहा हजार कॅलरीच्या घरात खाऊ घालावं लागतं, म्हणजे माझ्यासारख्या पाच बायकांचं जेवण वीस-पंचवीस किलोच्या जीवाला, आणि त्यात जोर चरबीवर. आमची कुत्री रोज वीस-पंचवीस किलोमीटर पळत होती त्यामुळे एवढं नाही, पण दोन दिवसांत मी मांसाचे एवढे ठोकळे फोडले की कुऱ्हाड कशी धरायची ते आता झोपेत सांगेन. घरी अंडंसुद्धा न खाणारी बाई मी.

आता पाय. सगळ्यात जास्त वेळ पायांवर गेला आणि माझ्या मते या कोर्सची खरी किंमत तिथेच आहे. पळून आल्यावर प्रत्येक कुत्र्याचे चारही पाय, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात बोट घालून बघायचं, बर्फाची गोळी अडकलीये का, कातडी चिरलीये का, नख निघालंय का, लागलं असेल तर मलम. खरखरीत बर्फ असला किंवा अंतर मोठं असलं की पळायच्या आधी बूटीज घालायच्या, कापडाच्या छोट्या पिशव्या आणि मनगटापाशी वेलक्रोची पट्टी. ऐकायला सोपं आहे हो. उणे वीसमधे हातमोजे काढून, वळवळणाऱ्या कुत्र्याचा पाय गुडघ्यात धरून, पट्टी अशी लावायची की निसटणार नाही आणि रक्तही अडणार नाही. घट्ट झाली तर पाय सुजतो, सैल झाली तर एका मैलात बूटी गायब. आणि विश्रांतीला थांबलं की लगेच काढायच्या. चार कुत्री म्हणजे सोळा बूटीज, पहिल्या खेपेला मला पाऊण तास लागला, चौथ्या दिवशी वीस मिनिटं. मालकीणबाई सहा मिनिटांत. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत दर कुत्र्यामागे आठ बूटीज जवळ ठेवायचा नियमच आहे, आणि हजार मैलांत एकेका टीमच्या हजाराच्या वर खपतात म्हणे. आजोबांच्या बैलांना पत्र्या मारताना बघितलेलं, चार माणसं लागायची बैलाला आडवं करायला. इथे आपलं एकटीने निभवायचं.

दुसऱ्या दिवशी जुंपणं. मराठीत केवढा बरोबर शब्द आहे हा. हार्नेस पाठीवर फुलीसारखा बसतो, डोकं आधी, मग पुढचे पाय एकेक करून, आणि मग कुत्र्याला गळपट्ट्याला धरून पुढचे पाय उचलून दोन पायांवर चालवत गाडीपर्यंत न्यायचं, कारण चार पाय जमिनीला लागले की ते तुम्हाला नेतं. मधे एक लांब दोर असतो त्याला गँगलाइन म्हणतात, त्याला दोन्ही बाजूंनी जोड्या. पुढे लीडर, त्यामागे स्विंग, मग टीम, आणि स्लेडला लागून व्हील डॉग, ते दांडगे आणि शांत डोक्याचे लागतात कारण वळणावर स्लेडचा हिसका त्यांना बसतो. आम्हा नवशिक्यांना चारच कुत्री, म्हणजे दोन लीडर आणि दोन व्हील.

जुंपायला सुरुवात झाली की जो कल्लोळ सुरू होतो तो मी शब्दांत नाही सांगू शकत, सगळी कुत्री मला ने मला ने करत उड्या मारतायत, किंचाळतायत, स्लेड मागे झाडाला दोराने बांधलेली असते तो दोर तुटेल की काय असं वाटतं, जी जुंपली नाहीत ती आपापल्या घरावर चढून रडतात, आणि या सगळ्यात तुम्हाला शांतपणे सांगितलेलं आठवायचं असतं की ब्रेकवर दोन्ही पाय, हात दांडीवर, आणि काहीही झालं तरी स्लेड सोडायची नाही. मग दोराची गाठ सोडली, हाइक म्हटलं, आणि एका सेकंदात सगळं चिडीचूप. नुसता स्लेडच्या पट्ट्यांचा घासल्याचा आवाज आणि सोळा पावलं. मी तिथे रडले. नवऱ्याला सांगितलं वाऱ्याने पाणी आलं.

वेग काही फार नसतो, ताशी बारा-पंधरा किलोमीटर, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर उभं असताना तो पुरेसा वाटतो. उजवीकडे जायला जी, डावीकडे हॉ, मधे काही दिसलं आणि लक्ष न देता पुढे जायचं असलं की ऑन बाय. थांबायला व्हो, पण व्हो कुत्री ऐकत नाहीत, ब्रेक ऐकतो. घाबरल्यावर माझ्या तोंडून थिर्र थिर्र निघालं, त्याचाही उपयोग झाला नाही. एका वळणावर मी पडले, सोडली नाही स्लेड, पोटावर घसरत दहा-पंधरा मीटर गेले, जॅकेटच्या आत पार बेंबीपर्यंत बर्फ. व्हील डॉगने फक्त एकदा मागे वळून बघितलं आणि परत पुढे. तो तुच्छतेचा कटाक्ष मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी तळ्यावर पिकल माझी लीडर होती. फाटा आला, मी जी म्हटलं, ती थांबली. परत जी. तिने माझ्याकडे बघितलं आणि हॉच्या बाजूला गेली. मी चिडले, ब्रेक दाबला. मागून शिकवणारा मुलगा स्लेड घेऊन आला, त्याने काठी घेऊन उजवीकडचा बर्फ टोचला तर खाली लगदा, गोठलेल्या थरावर पाणी चढलेलं आणि वरून भुसभुशीत बर्फाचं पांघरूण. उणे वीसमधे गुडघ्यापर्यंत भिजले असते तर पुढचा दिवस दवाखान्यात. तेव्हा तो टोगो नावाच्या कुत्र्याबद्दल बोलला, की १९२५ ला अलास्कातल्या नोम गावात घटसर्प आला तेव्हा त्यावरचं औषध (सीरम) पोचवायला नेनानाहून ६७४ मैल कुत्र्यांच्या टीमांनी साखळी केली होती, त्यात सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा, समुद्रावरच्या बर्फाचा टप्पा लेनहार्ड सेपालाच्या टीमने काढला आणि त्यांचा लीडर टोगो. पुतळा मात्र न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बाल्टो नावाच्या कुत्र्याचा झाला कारण तो शेवटच्या टप्प्याला होता आणि गावात तो शिरला. म्हटलं हे आपल्याकडच्या ऑफिससारखंच आहे.

रात्री शेगडीपाशी मालकीणबाई थोडी मोकळी झाली. ती बेअरग्रीज नावाची शर्यत पळालेली आहे, डुलुथपासून सुपीरियर तळ्याच्या काठाकाठाने ग्रँड पोर्टेजपर्यंत, तीनशे मैलांच्या आसपास. जॉन बेअरग्रीज हा अनिशिनाबे या तिथल्या मूळ जमातीचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच काठाने टपाल न्यायचा, हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने, उन्हाळ्यात बोटीने, त्याच्या नावाने शर्यत. आणि इडिटारॉड का सुरू झाली यावर तिने जे सांगितलं ते मला एकदम घरचं वाटलं. साठच्या दशकात अलास्कातल्या गावांत स्नोमोबिल आली आणि बघता बघता दारातली कुत्री गेली, कशाला रोज मासे शिजवून घालायचे, यंत्राला काम असेल तेव्हाच तेल. जो रेडिंग्टनला वाटलं की शर्यत ठेवली तर लोक कुत्री पाळतील. १९७३ ला पहिल्यांदा नोमपर्यंत पळाले. आमच्याकडे ट्रॅक्टर आला आणि खिलार राहिले ते शर्यतीपुरते, ही गोष्ट मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमधे सांगितली, आणि २०१४ ला शर्यतींवर बंदी आली, २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तात्पुरती परवानगी दिली आणि २०२३ ला शर्यतींचा कायदा मान्य केला तेही सांगितलं. तिने एकच विचारलं, बैल म्हातारा झाल्यावर काय करता? मला उत्तर द्यायला जड गेलं.

म्हणून तिला तोच प्रश्न उलटा विचारला. आणि तुम्ही कुठल्याही केनेलमधे गेलात तर हा प्रश्न विचाराच, उत्तर टाळलं तर पैसे भरू नका. इथे नऊ-दहा वर्षांची झाली की टीममधून काढतात, काही दत्तक जातात, सात म्हातारी तिच्या घरात सोफ्यावर होती, मी स्वतः बघितली, एकाने माझा हातमोजा खाल्ला. बाकीची कुत्री मात्र बाहेर, प्रत्येकाला लाकडी घर, आत गवताचा पेंढा (चादर नाही, चादर ओली होऊन गोठते), आणि साखळीला बांधलेली. साखळीवरून या धंद्यावर खूप टीका होते आणि मला पहिल्या दिवशी ते बघून कसंतरी झालं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. साखळी लांब होती, शेजाऱ्याशी खेळता येईल एवढी, तब्येती उत्तम होत्या, आणि उन्हाळ्यात मोठ्या जाळीच्या आवारात सोडतात म्हणाले, पण उन्हाळ्यात मी तिथे नव्हते. तुम्हाला हे बघवणार नसेल तर जाऊ नका, उगाच नंतर एक स्टार देऊ नका.

आता उरलेल्या तक्रारी. बूट माझ्या मापाचे कळवले होते तरी दोन नंबर मोठे दिले, तीन जोड्या मोजे घालून भागवलं. शाकाहारी जेवण मिळेल म्हटलं होतं, मिळालं म्हणजे तीन रात्री तेच राजम्याचं चिली आणि पाव; मी नेलेलं मेतकूट आणि तिखट यांनी वाचवलं, एक केंटकीचे आजोबा तर मेतकुटाच्या प्रेमातच पडले. आणि सगळ्यात मोठी, मूळ बुकिंग २०२४ चं होतं, त्या हिवाळ्यात इकडे बर्फच पडला नाही, बेअरग्रीजसुद्धा रद्द झाली, ते समजू शकते, पण रिफंड नाही, फक्त पुढच्या वर्षीची तारीख, आणि ही अट बुकिंगच्या वेळी बारीक अक्षरात. भरायच्या आधी वाचा.

ज्यांना याच्यापुढे जायचंय त्यांना सांगते, कारण मला दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की आम्ही हस्की घेऊ का. नको. पुण्या-मुंबईत बाराव्या मजल्यावर एसी लावून सायबेरियन हस्की ठेवणारे बघितले की माझा जीव तुटतो. या कुत्र्यांना उणे पंधरा-वीसला पळायला मजा येते, शून्याच्या आसपास गेलं की धापा टाकतात. ज्या भागात खरी थंडी आहे तिथे असाल तर आधी एखाद्या केनेलमधे हँडलर म्हणून शनिवार-रविवार राबा, पैसे मिळत नाहीत पण सगळं शिकायला मिळतं. किंवा घरातलं जे दणकट कुत्रं आहे त्याला कमरेच्या पट्ट्याला दोर लावून सोबत पळा, त्याला कॅनिक्रॉस म्हणतात, स्की येत असेल तर स्कीजोरिंग, त्याच्या शर्यती मिनियापोलिस शहरातसुद्धा होतात. बेअरग्रीजला रस्ते ओलांडताना गाड्या अडवायला स्वयंसेवक लागतात, ते करा. इडिटारॉडचं स्वप्न असेल तर आधी ७५० मैलांच्या पात्रता शर्यती पूर्ण कराव्या लागतात, आणि त्याच्या आधी खूप वर्षं फावडं.

मी यातलं पहिलं केलं. मार्चपासून महिन्यातून एक शनिवार-रविवार जाते, बूट स्वतःचे घेतले. परत येताना बाई फाटक्या-मळक्या बूटीजची पिशवी देते, धुवायच्या, वेलक्रो उसवलं असेल तर शिवायचं. सध्या आमच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत ऐंशी-नव्वद बूटीज वाळत असतात, गुलाबी, पिवळ्या, निळ्या, एवढ्याएवढ्याशा, आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी परवा लिफ्टमधे हळूच विचारलं की बाळाचं कळवलं नाहीस गं, आणि जुळी आहेत का.